पब्लिक रेडिओच्या फंड ड्राइव्हमध्ये लकी ड्रॉ ठेवता येतो का? (कॅलिफोर्निया)

सूरपेटी

नमस्कार मंडळी. बे एरियातल्या एका ना-नफा एफएम केंद्रावर मी रविवारी सकाळी तासभर मराठी गाण्यांचा कार्यक्रम करते. केंद्रावर बहुतेक सगळे स्वयंसेवकच आहेत. माझ्या आधी पंजाबी कार्यक्रम असतो, माझ्यानंतर पोर्तुगीज. जुलै 2025 मध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणासाठी आधीच मंजूर केलेले 1.1 अब्ज डॉलर काढून घेतले आणि सार्वजनिक रेडिओ-टीव्हीला सरकारी पैसा वाटणाऱ्या सीपीबी या संस्थेकडून येणारं आमचं अनुदान थांबलं. आता वसंतातल्या फंड ड्राइव्हमध्ये प्रत्येक कार्यक्रमाला उद्दिष्ट ठरवून दिलंय. माझ्या तासाला 6,000 डॉलर.

ओळखीचे एक सराफ 5 ग्रॅमचं सोन्याचं नाणं द्यायला तयार आहेत. एक ट्रॅव्हल एजंट सॅन फ्रान्सिस्को ते मुंबई असं एक जाण्या-येण्याचं तिकीट देतो म्हणाले. माझ्या मनात असं आहे की 25 डॉलरला एक कूपन ठेवावं, पैसे झेलवर (बँक खात्यातून पैसे पाठवायची सोय) किंवा केंद्राच्या वेबसाइटवर घ्यावेत आणि पाडव्याच्या आसपासच्या रविवारी कार्यक्रमातच सोडत काढावी. मॅनेजरबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "रॅफल म्हटलं की मला एफसीसी आठवतं. काय चालतं, काय चालत नाही ते नीट लिहून आण, मग बोलू."

(एफसीसी म्हणजे रेडिओ-टीव्हीचे नियम करणारा अमेरिकी सरकारचा आयोग.) म्हणून विचारते. आमच्यासारख्या केंद्राला हे करता येतं का? सराफांचं नाव ऑन एअर किती आणि कसं घ्यायचं? आमचं प्रसारण नेटवरही ऐकू येतं, तर न्यू जर्सीतल्या माझ्या नणंदेने कूपन घेतलं तर चालेल का? आणि बक्षिसावर टॅक्स कोणी भरायचा? हा तास बंद पडू नये असं मनापासून वाटतं. आमचे काही श्रोते ऐंशीच्या पुढचे आहेत, आठवडाभर वाट बघतात.

एडिसनचा_अण्णा

आमच्या मंडळाने दिवाळीला रॅफल केलं होतं. न्यू जर्सीत आधी लीगलाइज्ड गेम्स ऑफ चान्स कंट्रोल कमिशनकडून ओळख क्रमांक घ्यावा लागतो, मग टाउनशिपच्या क्लार्ककडे अर्ज करून लायसन्स काढायचं. वेळ लागतो, पण होतं. रेडिओचं मला माहीत नाही. तिकिटावर किंमत न छापता "देणगी 25 डॉलर" असं छापलं की सुटका होते, असं आमच्याकडे काही जण म्हणत होते. जाणकारांनी सांगावं.

नदीकाठ

सूरपेटी, सॅक्रामेंटोच्या बाजूला एका ना-नफा केंद्रात फंड ड्राइव्हचं काम मी बरीच वर्षं सांभाळलं. आता निवृत्त आहे. वकील नाही, पण या कागदांशी रोजचा संबंध होता, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मूळ कसोटी. बक्षीस आहे, ते नशिबाने मिळतं आणि त्यासाठी पैसे मोजावे लागतात, या तीन गोष्टी एकत्र आल्या की कायद्याने ती लॉटरी. मग तिला रॅफल म्हणा, लकी ड्रॉ म्हणा, नाहीतर पाडवा सोडत म्हणा. यातली एक गोष्ट काढली की लॉटरी उरत नाही. नुसतं घरी बसून रेडिओ ऐकणं म्हणजे पैसे मोजणं नव्हे, हे सुप्रीम कोर्टाने 1954 मध्येच एबीसी या प्रसारण कंपनीच्या खटल्यात सांगितलंय. तुमच्या योजनेत मात्र तिन्ही गोष्टी आहेत. अण्णा, तिकिटावर "देणगी" छापल्याने यात काहीच बदलत नाही. ते 25 डॉलर दिल्याशिवाय चिठ्ठी टाकता येत नसेल, तर ते पैसे मोजणंच झालं.

लॉटरीची माहिती प्रसारित करायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे आणि एफसीसीचा नियमही तसाच आहे. तुमच्या मॅनेजरबाईंना आठवलं ते हे. पण 1988 मध्ये काँग्रेसने धर्मादाय सोडतींसाठी वाट मोकळी केली, ती 1990 पासून लागू आहे. ना-नफा संस्थेने घेतलेली सोडत राज्याच्या कायद्यात बसत असेल, तर ती रेडिओवरून जाहीर करता येते. म्हणजे एफसीसीचं उत्तर तुमच्या राज्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. राज्यात बेकायदा असेल तर तिचा उच्चारही ऑन एअर नको. हवाई आणि युटा या राज्यांत धर्मादाय रॅफलसुद्धा चालत नाही, तिथल्या केंद्रांसाठी विषय तिथेच संपतो.

कॅलिफोर्नियात मार्च 2000 मध्ये मतदारांनी प्रपोझिशन 17 मंजूर केलं, तेव्हा कुठे ना-नफा संस्थांना रॅफलची परवानगी मिळाली. नियम दंडसंहितेच्या 320.5 कलमात आहेत आणि ते कडक आहेत. संस्था राज्यात निदान वर्षभर कार्यरत असायला हवी. अ‍ॅटर्नी जनरलच्या रजिस्ट्रीकडे आधी नोंदणी करावी लागते, त्यासाठी सोडतीच्या निदान 60 दिवस आधी अर्ज पाठवा. नंतर हिशेबाचा अहवाल द्यायचा. प्रत्येक तिकिटाला फाटणारी स्थळप्रत हवी आणि दोन्हीकडे एकच नंबर. सोडत कॅलिफोर्नियातच आणि सज्ञान माणसाच्या देखरेखीखाली. जमलेल्या एकूण रकमेतला 90 टक्के भाग सत्कार्याला गेलाच पाहिजे. निम्मे पैसे विजेत्याला आणि निम्मे संस्थेला असा फिफ्टी-फिफ्टी खेळ म्हणूनच इथे साध्या संस्थेला करता येत नाही. तुमची बक्षिसं दान म्हणून येताहेत, त्यामुळे 90 टक्क्यांची अडचण तुम्हाला नाही. विकत आणली असती तर 5,000 डॉलरच्या विक्रीत छपाईसकट सगळा खर्च 500 मध्ये बसवावा लागला असता.

तुमची योजना अडते ती पैसे घेण्याच्या ठिकाणी. रॅफलची तिकिटं इंटरनेटवर विकायला या कलमात साफ मनाई आहे. जाहिरात नेटवर करता येते, विक्री नाही. म्हणजे वेबसाइटवरचं बटण बाद, आणि झेलवर पैसे घेऊन व्हॉट्सअ‍ॅपवर नंबर पाठवणं हे मी तरी करणार नाही. टपालाने तिकिटं पाठवू म्हणाल, तर लॉटरीची तिकिटं आणि त्याचे पैसे टपालात टाकायला केंद्रीय कायदा आडवा येतो. थोडक्यात नणंदबाईंना कूपन नाही. मिलपिटासच्या किंवा सनीवेलच्या कार्यक्रमात टेबल टाकून, समोर उभ्या माणसाला तिकीट फाडून द्यायचं आणि स्थळप्रत डब्यात टाकायची, असं केलं तरच ते नियमात बसतं. रविवारी फोनवर देणगी देणाऱ्या श्रोत्यांसाठी याचा काय उपयोग? जवळजवळ नाही.

दंडाचंही सांगते. लॉटरी किंवा स्पर्धेचे नियम मोडले तर एफसीसीच्या तक्त्यात मूळ रक्कम 4,000 डॉलर आहे. अंडररायटिंगचे, म्हणजे मदत देणाऱ्या धंद्याचं नाव ऑन एअर कसं घ्यायचं याचे, नियम मोडले तर 2,000. परिस्थिती बघून ती कमीजास्त होते. तुमचं उद्दिष्ट 6,000 आहे. आणि लायसन्स एकच असतं. तुमच्या तासात काही घडलं तर ते पंजाबी आणि पोर्तुगीज कार्यक्रमाच्याही डोक्यावर येतं. त्यांनीही वर्षानुवर्षं घाम गाळून आपले श्रोते जमवलेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता सराफांचं नाव. व्यापारी केंद्रावर जाहिरात असते, आपल्याकडे फक्त ऋणनिर्देश. कम्युनिकेशन्स कायद्याच्या 399बी कलमानुसार नफ्यासाठी चालणाऱ्या धंद्याची भलामण ना-नफा केंद्राला करता येत नाही. नाव, ठिकाण, फोन नंबर, काय विकतात याचं साधं वर्णन, इतकं चालतं. भाव, सूट, तुलना, कौतुक आणि "या, बघा, घ्या" चालत नाही. आमच्या एका निवेदकाला देणगीदार दुकानाने स्वतःच मजकूर लिहून दिला होता. त्यात होतं, "शुद्धतेची परंपरा, माफक मजुरी, या पाडव्याला अवश्य भेट द्या." ऐकायला किती ओळखीचं! पण यातला प्रत्येक तुकडा नियमाबाहेर आहे. शुद्धतेची परंपरा हे कौतुक, माफक मजुरी म्हणजे भावाची गोष्ट, अवश्य भेट द्या हे आवाहन. आम्ही तो असा केला: "आजच्या कार्यक्रमाला अमुक सराफ, एल कमिनो रिअल, सनीवेल यांचं सहाय्य लाभलं आहे. त्यांच्याकडे सोन्याचांदीचे दागिने मिळतात." बस. आणि हे मराठीत बोललं म्हणून सुटत नाही. तक्रार आली तर ध्वनिमुद्रणाचं इंग्रजी भाषांतर मागवलं जातं. म्हणून गाण्याच्या ओघात उत्साहाने दोन वाक्यं जास्त बोलायची आपली जी सवय आहे ना, ती फंड ड्राइव्हच्या दिवशी कागदावर बांधून ठेवा. लिहिलेलं असेल तेवढंच वाचायचं.

पुण्याहून_सावनी

मी पुण्यात एका कम्युनिटी रेडिओवर काम करते. हे वाचून थक्क झाले. आमच्याकडे कम्युनिटी रेडिओला जाहिराती घेता येतात, 2024 च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला 12 मिनिटांपर्यंत. सराफाने पैसे दिले तर त्याची जाहिरात वाजते, प्रश्न मिटला. तुमच्याकडे जाहिरातच नाही म्हटल्यावर श्रोत्यांच्या खिशावरच सगळं. नदीकाठ ताई, मग बक्षीस ठेवायचा काही मार्गच नाही का?

नदीकाठ

आहे, सावनी. मी सूरपेटीला खरं तर तोच सुचवणार आहे.

तीनपैकी पैशाची अट काढून टाका. चिठ्ठी सर्वांना फुकट. देणगी देणाऱ्याचं नाव चिठ्ठीत जाईल, न देणाऱ्याचंही जाईल, आणि दोघांची संधी अगदी सारखी. कॅलिफोर्नियाच्या त्याच 320.5 कलमात याला जागा आहे. चिठ्ठ्या सर्वांना सरसकट उपलब्ध असल्या, देणगी देणाऱ्याला आणि न देणाऱ्याला एकाच अटींवर मिळाल्या आणि कोणालाही पैसे देणं भाग नसलं, तर नोंदणी लागत नाही. नणंदबाईंची अडचणही बरीच हलकी होते. तरी मी नियमांत "सहभाग फक्त कॅलिफोर्नियातल्या 18 वर्षांवरील रहिवाशांना" असं लिहीन. प्रत्येक राज्याचे नियम तपासत बसण्यापेक्षा ते सोपं. मसुदा केंद्राच्या वकिलाला मात्र दाखवाच.

यात एक पथ्य फार काटेकोरपणे पाळावं लागतं. फुकट सहभागाचा पर्याय कोपऱ्यात लपवायचा नाही. जितक्या वेळा "देणगी द्या आणि सोडतीत सामील व्हा" म्हणाल, तितक्या वेळा त्याच आवाजात "देणगी न देताही नाव नोंदवता येईल" हे म्हणायचं. देणाऱ्याला दहा चिठ्ठ्या आणि फुकटवाल्याला एक, असं केलंत की पुन्हा लॉटरी झाली.

फोन रूममध्ये हे मी जवळून पाहिलंय. आमच्या टेबलांवर पिवळे फॉर्म असायचे. वर नाव, फोन, शहर, आणि खाली देणगीची रक्कम. स्वयंसेवक मुलगी भली होती, पण कोणी म्हणालं की "मला फक्त सोडतीत नाव द्यायचंय," की तिचा पेन रकमेच्या रकान्यावर थांबायचा आणि तोंडातून यायचं, "किती लिहू? दहा डॉलर लिहू?" समोरच्या आजींना काय वाटेल! मग आम्ही फॉर्मच बदलला. सोडतीचा फॉर्म वेगळा, त्यावर रकमेचा रकानाच नाही. देणगीचा फॉर्म वेगळा. आधी सोडतीचा भरायचा, मग विचारायचं, देणगी द्यायची आहे का. "नाही" म्हणालं तर "नाव नोंदवलंय हं, ऐकत राहा" असं प्रेमाने म्हणून फोन ठेवायचा. देणग्या कमी होतील ही भीती आम्हालाही होती. फोन जास्त आले, आणि फोन करणाऱ्यांतले पुष्कळ जण द्यायला लागले.

आणखी एक. सोडत केंद्र स्वतः घेतं, तेव्हा एफसीसीचा स्पर्धांबद्दलचा नियमही लागतो. बक्षीस काय, त्याची किंमत किती, कोण भाग घेऊ शकतं, शेवटची तारीख, विजेता कसा आणि कधी निवडणार, हे सगळं उघड करावं लागतं. पूर्वी ते ऑन एअर वाचावं लागायचं. 2015 मध्ये एफसीसीने वेबसाइटवर टाकायची मुभा दिली, तिचा फायदा घ्या. नाण्याची किंमत तिथे लिहा, ऑन एअर भावाची भाषा येणारच नाही आणि अंडररायटिंगच्या नियमालाही धक्का लागणार नाही. वेबसाइटचा पत्ता मात्र अधूनमधून ऑन एअर सांगायचा. मध्येच काही बदललं तर 24 तासांच्या आत तेही ऑन एअर. विजेता जाहीर झाल्यावर निदान 30 दिवस तो मजकूर वेबसाइटवरून काढायचा नाही. आणि ज्या दिवशी सोडत काढू म्हणालात, त्याच दिवशी काढायची. "उद्दिष्ट पूर्ण झालं नाही म्हणून पुढच्या रविवारी" असं अजिबात नाही.

एडिसनचा_अण्णा

ताई, फार नीट समजावलंत. एक विचारतो. समजा केंद्राऐवजी बे एरियातल्या मंडळाने नोंदणी करून स्वतःच्या कार्यक्रमात रॅफल केलं आणि रेडिओवर फक्त घोषणा केली, तर?

नदीकाठ

चालतं. ना-नफा संस्थेची, कायद्यात बसणारी सोडत. तिची घोषणा करता येते, आणि 399बी हे नफ्यासाठी चालणाऱ्या धंद्यांबद्दल आहे, मंडळाबद्दल नाही. फरक इतकाच की घोषणा करणं वेगळं आणि नेहमीचा कार्यक्रम थांबवून तासभर दुसऱ्या संस्थेसाठी पैसे गोळा करणं वेगळं. दुसरं पूर्वी एफसीसीची खास परवानगी घेतल्याशिवाय करता येत नसे. 2017 मध्ये सीपीबीचं अनुदान न घेणाऱ्या केंद्रांना वर्षातल्या एकूण वेळेच्या 1 टक्क्यापर्यंत मुभा दिली गेली. सूरपेटीचं केंद्र आत्तापर्यंत अनुदान घेत होतं, त्यामुळे यापुढे ते कुठे बसतं हे मॅनेजरबाईंनी वकिलाला विचारावं. पण मंडळाच्या रॅफलचे पैसे मंडळाकडे जातील, आणि इथे तर केंद्रच वाचवायचं आहे.

टॅक्सचं राहिलंच. रॅफलचं तिकीट घेतलं तर ती रक्कम देणगी म्हणून वजा करता येत नाही, आयआरएस (अमेरिकेचं कर खातं) स्पष्ट म्हणतं. लोक पावती मागतात आणि आपण भीडेखातर देतो, तसं करू नका. रॅफलमधलं बक्षीस ठरावीक रकमेच्या वर आणि तिकिटाच्या किमतीच्या 300 पटींहून मोठं असलं की संस्थेला विजेत्याच्या नावाने डब्ल्यू-2जी (जिंकलेल्या रकमेची माहिती कर खात्याला देणारा) फॉर्म भरावा लागतो. ती मर्यादा अनेक वर्षं 600 डॉलर होती, आता वाढवली आहे, यंदाच्या सूचना बघून घ्या. 5,000 च्या वर गेलं तर 24 टक्के करकपातही आली, बक्षीस वस्तूच्या रूपात असलं तरी. फुकट सोडतीला हा फॉर्म नाही, पण विजेत्यासाठी ते उत्पन्नच, हे नियमांत लिहा आणि विजेत्याला फोनवरही सांगा. आनंदाच्या भरात कोणी विचारत नाही आणि पुढच्या एप्रिलमध्ये टॅक्स भरताना सीपीए (हिशेबनीस) सांगतो तेव्हा वाईट वाटतं.

सूरपेटी

ताई, काय बोलू. मॅनेजरबाईंना तुमचे सगळे मुद्दे इंग्रजीत करून पाठवले. त्यांनी काल अर्धा तास फोनवर बोलून घेतलं. असं ठरलंय: पैसे घेऊन कूपन नाहीच. नाण्याची सोडत सर्वांना खुली, फुकट, कॅलिफोर्नियापुरती, दोन वेगळे फॉर्म. वकील मसुदा बघणार आहेत. विमानाचं तिकीट आम्ही सोडतीत ठेवत नाही. ट्रॅव्हल एजंट त्याऐवजी तेवढ्याच रकमेचं चॅलेंज द्यायला तयार झाले. श्रोत्यांनी त्या तासात दिलेल्या प्रत्येक डॉलरला ते एक डॉलर घालणार. त्यात नशिबाचा भागच नाही, म्हणून मॅनेजरबाई एकदम निर्धास्त.

सराफकाका जरा नाराज झाले. "माझ्या नाण्याचं वजन आणि कॅरेटसुद्धा सांगायचं नाही?" म्हणाले. त्यांना काय सांगू?

नदीकाठ

वजन आणि कॅरेट ही वस्तुस्थिती आहे, "5 ग्रॅम, 24 कॅरेटचं नाणं" असं बक्षिसाचं वर्णन म्हणून खुशाल सांगा. "बावनकशी", "खात्रीचं", "आमच्याकडेच मिळेल असं" हे नको. काकांना सांगा, दर तासाला दोनदा नाव आणि पत्ता वाचला जाईल आणि तो ऐकणारा माणूस रेडिओ बंद करत नाही, कारण जाहिरात लागलीय असं त्याला वाटत नाही. आमच्याकडचे दुकानदार हे ऐकून पुन्हा पुन्हा आले. शिवाय दिलेल्या नाण्याची पोच केंद्राकडून त्यांना लेखी द्या. पोच देताना किंमत केंद्राने लिहायची नाही, फक्त वस्तूचं वर्णन. किंमत ठरवणं देणाऱ्याचं आणि त्यांच्या सीपीएचं काम.

चॅलेंजची कल्पना उत्तम. फक्त एजंटांकडून रकमेची वरची मर्यादा आधी लेखी घ्या आणि ती गाठली की ऑन एअर लगेच सांगा.

आणि ज्या आजी-आजोबांकडे इंटरनेट नाही, त्यांच्यासाठी सोडतीचा फोन नंबर कार्यक्रमाच्या सुरुवातीला हळू, दोनदा वाचा. मराठीत आकडे सांगताना "एकोणपन्नास, एकोणसाठ" असे जोडून म्हणू नका, एकेक अंक सुटा सांगा. फोनवर मराठी बोलणारं निदान एक माणूस बसवा. तुमच्या मंडळातून रविवारी सकाळी दोघं येतील का बघा, नाहीतर मला कळवा. मी गाडी काढून येईन.